एक ना धड, भाराभर चिंध्या!
(दुकानाची जाहिरात इंटरनेटवर करायची, तर साधन कसे निवडावे?)



मागच्या महिन्यात मधल्या सुट्टीत वर्गातली एक मुलगी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बाई, मार्केटिंगला मराठीत काय म्हणतात?"

"विपणन," मी म्हटले. "पण तुला ग कशाला हवा हा शब्द?"

मग सगळी हकिगत कळली. तिच्या आईने अबू शगारा भागात शिवणकामाचे छोटेसे दुकान घेतले आहे. रीतसर परवाना काढला आहे. शिवलेली नऊवारी, खणाचे ब्लाउज, परकर-पोलके, फॉल-पिको अशी कामे होतात. पण दुकान गल्लीत आत आहे आणि गिऱ्हाईक फिरकत नाही. वर्षाचे भाडे भरून झाले आहे. पुढच्या वर्षी ते भरता येईल की नाही, हे येत्या सात-आठ महिन्यांवर अवलंबून आहे. आणि रोज कोणी ना कोणी येऊन सांगतो, "मॅडम, वेबसाइट करून घ्या," "इन्स्टाग्रामचे पॅकेज घ्या," "दहा हजार लोकांना ईमेल पाठवून देतो." आई गोंधळून गेली आहे. बाबा म्हणतात, सगळेच थोडे थोडे करून पाहू.

सगळेच थोडे थोडे! यालाच आपल्याकडे "एक ना धड, भाराभर चिंध्या" म्हणतात. शिवणकाम करणाऱ्या घराला तरी ही म्हण समजावून सांगायला नको. म्हणून ठरवले की या अंकात याच विषयावर लिहावे. आपल्यापैकी अनेक घरांत कोणी शिकवणी घेते, कोणी मेंदी काढते, कोणाचे किराणा दुकान आहे. त्यांनाही उपयोग होईल.

आधी थोडा इतिहास

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. ती त्यांनी भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विकली. हाच आपला लिज्जत पापड. आपल्या शेजारच्या दुबईत १९८४ मध्ये दातार पिता-पुत्रांनी लहानसे किराणा दुकान चालवायला घेतले. त्यातून 'अल अदील'ची दुकाने उभी राहिली. आज आपण तिथून भाजणी आणि गोडा मसाला आणतो.

या दोन्ही वेळी इंटरनेट घराघरांत नव्हते. पण एक गोष्ट त्यांना ठाऊक होती. आपला माल कोणाला हवा आहे आणि तो माणूस कुठे भेटतो, हे आधी पाहायचे. साधने बदलली, तरी हा नियम बदललेला नाही.

साधने कोणती आणि ती काय करतात?

१. नकाशावरची नोंद. गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद करता येते. तिला 'बिझनेस प्रोफाइल' म्हणतात आणि ती फुकट असते. दुकान खरेच तुमचे आहे याची गूगल खात्री करून घेते, मग नाव, फोन, वेळ आणि फोटो दिसू लागतात. कोणी "जवळचा शिंपी" असे शोधले की ही नोंद समोर येऊ शकते. म्हणजे ही दुकानावरची पाटीच आहे, फक्त ती गल्लीच्या बाहेरूनही दिसते. मात्र रमजानमधल्या आणि शुक्रवारच्या बदललेल्या वेळा त्यात भरायला विसरू नये. चुकीची वेळ पाहून आलेले गिऱ्हाईक बंद दार बघून जाते आणि पुन्हा येत नाही. दुकानाबद्दल चांगला अभिप्राय लिहा असे गिऱ्हाइकाला सांगायला हरकत नाही, पण त्याबदल्यात सूट देणे गूगलच्या नियमात बसत नाही.

२. व्हॉट्सॲप बिझनेस. हे २०१८ मध्ये आलेले वेगळे ॲप आहे. लहान दुकानदाराला ते फुकट वापरता येते. त्यात मालाची फोटोसह यादी लावता येते, दुकानाची वेळ देता येते, आणि "माप द्यायला कधी येऊ?" अशा नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे आधीच लिहून ठेवता येतात. एकच निरोप अनेकांना पाठवायचा असेल, तर 'ग्रूप' आणि 'ब्रॉडकास्ट यादी' यांतला फरक समजून घ्यावा. ग्रूपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. गिऱ्हाइकांना ते आवडेलच असे नाही. ब्रॉडकास्टमध्ये निरोप प्रत्येकाला स्वतंत्र जातो. पण ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवला आहे, त्यालाच तो मिळतो. म्हणून बिल देताना "आमचा नंबर साठवून ठेवा हं" एवढे म्हणणे हीसुद्धा जाहिरातच आहे.

३. इन्स्टाग्राम आणि फेसबुक. ही जत्रेतली मांडणी समजा. डोळ्यांना दिसणाऱ्या मालाला ती चांगली. नऊवारी नेसलेली छोटी मुलगी फोटोत पाहिली की आईला वाटते, आपल्या लेकीलाही शिवावी. पण तुमच्या मागे हजार माणसे असली, तरी प्रत्येक फोटो हजारांना दिसत नाही. कोणाला काय दाखवायचे ते कंपनीचा संगणक ठरवतो. पैसे भरले तर जास्त लोकांना दिसते. तेव्हा ती जाहिरात फक्त शारजा आणि आसपासच्या लोकांना दाखवा, असे निवडता येते. ते न निवडल्यास पैसे भलत्या गावी खर्च होतात.

४. ईमेल. मुलांनो, एक गंमत सांगते. १९७८ मध्ये अमेरिकेत गॅरी थर्क नावाच्या विक्रेत्याने संगणकाची जाहिरात सुमारे ४०० जणांना न विचारता ईमेलने पाठवली. लोक चिडले! नको असलेल्या ईमेलची ती पहिली मोठी घटना मानतात. विकत घेतलेल्या यादीतल्या दहा हजार लोकांना ईमेल पाठवणे म्हणजे तेच. ज्यांनी स्वतःहून पत्ता दिला, त्यांनाच ईमेल पाठवावे. शिकवणी वर्ग किंवा सहलीचा व्यवसाय असेल तर हे साधन उपयोगी पडते. फॉल-पिकोसाठी मात्र कोणी ईमेल उघडून बसत नाही.

५. स्वतःची वेबसाइट. हे स्वतःचे घर. बाकी ठिकाणी आपण भाडेकरू आहोत. मालकाने उद्या नियम बदलले, तर आपण काही करू शकत नाही. पण घराचा वर्षाचा खर्च असतो आणि तिथवर कोणी येण्यासाठी रस्ता लागतो. घरपोच माल पाठवायचा नसेल, तर पहिल्या वर्षी वेबसाइटची घाई नसावी.

चार प्रश्न

कोणतेही साधन घेण्याआधी हे चार प्रश्न कागदावर लिहावेत :

(अ) माझे गिऱ्हाईक कोण, आणि ते या ठिकाणी असते का?
(आ) पैसा किती लागेल, आणि रोजचा वेळ किती लागेल? (फुकट साधनही वेळ खाते.)
(इ) हे साधन बंद पडले, तर गिऱ्हाइकांची यादी माझ्याकडे उरेल का?
(ई) यातून किती गिऱ्हाईक आले, हे मला मोजता येईल का?

चौथ्या प्रश्नासाठी एक गणित करू. आकडे सोपे घेतले आहेत. समजा, जाहिरातीवर ३०० दिरहम खर्च केले. १५० जणांनी ती दाबून पाहिली, म्हणजे प्रत्येकी २ दिरहम पडले. त्यातल्या १० जणींनी चौकशी केली आणि ३ जणींनी ब्लाउज शिवायला दिला. म्हणजे एका गिऱ्हाइकासाठी १०० दिरहम लागले. एका ब्लाउजमागे नफा ४० दिरहम असेल, तर ६० दिरहमचा तोटा! "१५० लोकांनी पाहिले" हे ऐकून आनंद होतो, पण भाडे त्यातून निघत नाही. आता याच तीन जणी वर्षात तीन-तीनदा आल्या, तर प्रत्येकीमागे १२० दिरहम नफा आणि २० दिरहम शिल्लक. म्हणजे जाहिरात चांगली की वाईट, हे गिऱ्हाईक परत येते की नाही यावर ठरते. आणि ते ठरते शिलाईच्या टाक्यावर.

मोजण्यासाठी महागडे काही लागत नाही. गल्ल्यापाशी एक वही ठेवावी आणि प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला विचारावे, "आमच्याबद्दल कुठून कळले?" उत्तर वहीत लिहावे. तीन महिन्यांनी वहीच सांगेल, काय ठेवायचे आणि काय सोडायचे.

कायद्याचे भान

इथे धंदा करायला परवाना लागतो. शारजात तो शारजा आर्थिक विकास विभाग देतो. इन्स्टाग्रामवर विकले म्हणून परवान्यातून सुटका होत नाही. २०२५ मध्ये यूएई मीडिया कौन्सिलने व्यक्तींसाठी जाहिरातदार परवाना जाहीर केला. समाजमाध्यमांवर दुसऱ्याच्या मालाची जाहिरात करणाऱ्याला तो लागतो, मग पैसे घेतलेले असोत वा नसोत. स्वतःच्या खात्यावर स्वतःच्या धंद्याची जाहिरात करणाऱ्याला त्यातून सूट आहे. म्हणून "माझ्या दुकानाची जाहिरात तुझ्या खात्यावर कर ना" असे मैत्रिणीला सहज सांगू नये. फोनवरून विक्री करण्यासाठी ऑगस्ट २०२४ पासून कडक नियम आहेत. परवानगी लागते आणि सकाळी ९ ते संध्याकाळी ६ याच वेळात फोन करता येतो. खोटी किंवा फसवी जाहिरात हा २०२१ च्या सायबर कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. गिऱ्हाइकाचा, विशेषतः लहान मुलाचा फोटो विचारल्याशिवाय कधीही टाकू नये. काही शंका असेल तर संबंधित कार्यालयात विचारून घ्यावे.

पालकांना एक विनंती. मुलांना फोनमधले जास्त कळते म्हणून दुकानाचे खाते त्यांच्या हाती सोपवू नका. इन्स्टाग्रामला किमान १३ वर्षे वय लागते. शिवाय तिथे अनोळखी माणसे काहीही लिहितात. मुलांनी फोटो काढावेत, मराठी मजकूर लिहावा. उत्तरे आईबाबांनी द्यावीत.

मग त्या दुकानाने काय करावे?

मी त्या आईला एवढेच सुचवले : पहिले तीन महिने दोनच साधने घ्या, नकाशावरची नोंद आणि व्हॉट्सॲप बिझनेस. दोन्ही फुकट आहेत. गणपतीच्या सहा आठवडे आधी, म्हणजे शिवायला वेळ राहील अशा बेताने, इन्स्टाग्रामवर थोडी जाहिरात करून पाहा. आधी रक्कम ठरवा आणि ती संपली की थांबा. अंथरूण पाहून पाय पसरावे. आणि वही सोडू नका.

त्यांनी वही सुरू केली आहे. पहिल्या पानावर आखणी लेकीनेच करून दिली आहे. चार रकाने असून डोक्यावर सुवाच्य अक्षरात लिहिले आहे : "कुठून कळले?"

घरचा अभ्यास

१. रोला किंवा आपल्या घराजवळच्या एका लहान दुकानात आईबाबांबरोबर जा. "तुमची गिऱ्हाइके तुम्हाला कशी शोधतात?" हे नम्रपणे विचारा आणि पाच ओळी लिहून आणा.
२. वरच्या गणितात ३ ऐवजी ६ जणींनी ब्लाउज दिला, तर नफा की तोटा? किती?
३. अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा : गिऱ्हाईक, परवाना, रकाना, शिल्लक, अंथरूण.