सात इंचांवरचा गोंगाट
‘रामोन्स’ या बँडची पहिली एलपी एप्रिल १९७६मध्ये आली. खर्च सुमारे ६,४०० डॉलर, गाणी १४, वेळ अर्ध्या तासाहून कमी. तेव्हा ती फारशी खपली नाही. अमेरिकेत ‘गोल्ड’ ठरायला २०१४ उजाडलं. आज मात्र अमेरिकन पंक जमवणाऱ्याच्या कपाटात ती हवीच.

खरी झुंबड सात इंची सिंगल्ससाठी. मोठ्या कंपन्या दारात उभं करत नव्हत्या, म्हणून पोरांनी पदरमोड करून रेकॉर्ड काढल्या. ‘टेलिव्हिजन’ या बँडचं १९७५चं ‘लिटल जॉनी ज्युएल’ एका बाजूत मावेना, म्हणून दोन बाजूंत तोडलं. गाणं रंगात आलं की उठायचं आणि तबकडी उलटायची!

वॉशिंग्टनच्या ‘टीन आयडल्स’नी बँड मोडल्यावर, १९८०मध्ये, गाठीच्या सुमारे ६०० डॉलरमधून रेकॉर्ड काढली. त्यातूनच ‘डिस्कॉर्ड’ हे लेबल उभं राहिलं. प्रती १,०००, कव्हरं पोरांनीच कापली, दुमडली, चिकटवली.

अशा प्रतींना आता चढा भाव येतो, साहजिकच नकलाही निघतात. म्हणून जाणकार नुसत्या कव्हरवर भुलत नाही. तबकडी दिव्याखाली तिरकी धरून तो लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेले आकडे-अक्षरं वाचतो.

जुनं पुन्हा ऐकताना ठोकताळेही मोडतात. पंक म्हणजे कर्कश गिटार, असं म्हणावं, तर ‘मिसफिट्स’च्या १९७७च्या पहिल्या सिंगलमध्ये, ‘कफ/कूल’मध्ये, गिटारच नाही. तिथे वाजतो इलेक्ट्रिक पियानो.