पेंग्विन निघाला कळंबला!

नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून लॅपटॉप घेतला. चार-पाच वर्षं पुण्यात वापरला. मग नवा आला आणि जुना गावी आई-बाबांकडे गेला. बरोबर ना? हिंजवडी, खराडी आणि मगरपट्ट्यात बसलेल्या बऱ्याचशा मराठवाड्याची हीच स्टोरी आहे. त्या जुन्या लॅपटॉपवर आता बाबा सातबारा काढतात, आई यूट्यूबवर कीर्तन लावते आणि बारावीतला भाचा फॉर्म भरतो. मशिन ठणठणीत आहे. फक्त त्याच्यातलं विंडोज १० रिटायर झालंय.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. घरगुती ग्राहकांसाठी एक वर्षाची जादा मुदतही तेव्हा जाहीर झाली, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. पण तिच्यासाठी आधी नाव नोंदवावं लागतं आणि गावाकडे हे करणार कोण? मग विंडोज ११ टाका, असं म्हणाल. तिथं गोची अशी, की त्याला टीपीएम २.० नावाची सिक्युरिटी चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे २०१७ च्या आधी घेतलेला तुमचा तो लाडका लॅपटॉप मशिन म्हणून फिट, पण पेपरवर नापास.

यावर पुण्यातल्या कुठल्याही आयटीवाल्या मित्राचं उत्तर ठरलेलं असतं, 'अरे, लिनक्स टाक की!' तो चुकीचं काही सांगत नाही. फुकट आहे, हलकं आहे, व्हायरसची कटकट कमी. लिनक्स मिंटची २२ वी मालिका घेतली तर २०२९ पर्यंत अपडेट मिळतात. चार जीबी रॅमवर ती बरी चालते, दोनवरही ढकलता येते. दिसायलाही जुन्या विंडोजसारखीच, खाली डाव्या कोपऱ्यात मेनू. सातबारा, यूट्यूब, मेल हे सगळं शेवटी ब्राउझरमध्येच चालतं, त्यामुळे आईला फरक कळणारही नाही.

फरक कळतो तो बिघडल्यावर.

विंडोज मारून देणारा

कळंबचंच उदाहरण घेऊ (मांजरेकाठचं, धाराशिव जिल्ह्यातलं, यवतमाळचं वेगळं). कळंबसारख्या तालुक्याच्या गावात कॉम्प्युटर बिघडला की लोक काय करतात? मोबाइल-कॉम्प्युटर रिपेअरिंगच्या दुकानात नेऊन टाकतात. तिथला दादा 'विंडोज मारून देतो, संध्याकाळी या' म्हणतो. ते विंडोज ओरिजिनल आहे का, असं कुणी विचारत नाही आणि तोही सांगत नाही. पण संध्याकाळी मशिन चालू होतं. वर तो मराठी फॉन्ट टाकतो, प्रिंटर जोडून देतो आणि पुन्हा अडलं तर फोन उचलतो.

माझ्या मते, छोट्या गावात विंडोज टिकून आहे ते या दादामुळे. त्यामागे एमएस-सीआयटीचीही पुण्याई आहे. २००१ मध्ये एमकेसीएलनं हा कोर्स आणला आणि महाराष्ट्रातली एक अख्खी पिढी विंडोज, वर्ड आणि एक्सेलवरच कॉम्प्युटर शिकली. केरळनं वेगळी वाट धरली. तिथल्या सरकारी शाळांमधले कॉम्प्युटर गेली बरीच वर्षं लिनक्सवर चालतात. काइट ही सरकारी संस्था त्यासाठी स्वतःची आवृत्ती काढते आणि शिक्षकांना ट्रेनिंग देते. त्यामुळे तिथं लिनक्सवर अडलं तर गल्लीतल्या शाळेत विचारायला कुणीतरी असतं. आपल्याकडे तसं माणूस नाही. लिनक्सचा पेनड्राइव्ह कळंबला न्यायला एसटीचं तिकीट पुरतं, पण त्याच्याबरोबर मदत कशी न्यायची? खरा लोचा तिथं आहे.

डायल करा, हॅश ट्रिपल सेव्हन

खरं तर लिनक्स भारतात पसरलं तेच अशा ओळख-पाळख नसलेल्या लोकांच्या मदतीवर. पीसीक्वेस्ट मासिकानं १९९६ मध्ये वाचकांना लिनक्सची सीडी वाटली. अतुल चिटणीस हे त्या उपक्रमामागचं मोठं नाव. २०१३ मध्ये ते गेले. पुढे २००५ ते २०११ या काळात उबुंटूवाले मागेल त्याला पोस्टानं फुकट सीडी पाठवायचे. पत्ता टाका आणि पोस्टमनची वाट बघा. कॉलेजच्या होस्टेलवर अशी पाकिटं आली की काय भाव मिळायचा, ते विचारा कुणा सीनियरला. पुण्यात 'प्लग' म्हणजे पुणे जीएनयू-लिनक्स यूजर्स ग्रुप होता. सिम्बायोसिसच्या कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटमध्ये जीएनयूनिफाय नावाचा मेळावा भरायचा.

सीडी टाकणं सोपं होतं. सगळ्यांचं घोडं अडायचं ते इंटरनेटपाशी. डायल-अपच्या जमान्यात स्वस्त मोडेम निघाले, ते अर्धं काम विंडोजच्या सॉफ्टवेअरकडून करून घ्यायचे. लिनक्सवर ते नुसते ठोकळे. २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं. मोडेमला दोन्ही सोयी होत्या, यूएसबीची आणि नेटवर्क केबलची. त्यावर लिनक्सवाल्या मंडळींचा सल्ला एका ओळीचा असायचा, 'यूएसबी विसर, केबल लाव.' एवढ्यावर कित्येकांचं नेट चालू झालं!

आणि मग आली डेटा कार्डं. ज्यांच्या घरापर्यंत लँडलाइनची वायर धड पोचत नव्हती, त्यांना यूएसबीत खोचायचा हा डोंगल म्हणजे लॉटरीच. पण तो लिनक्समध्ये खोचला की मोडेम म्हणून दिसायचाच नाही, सीडी ड्राइव्ह म्हणून दिसायचा. कारण त्याच्या पोटात विंडोजचं सॉफ्टवेअर भरलेलं असायचं आणि विंडोजनं ते आधी इन्स्टॉल करावं म्हणून तो सीडीचं सोंग घ्यायचा. हे सोंग उतरवायला जोसुआ डित्झ नावाच्या प्रोग्रॅमरनं यूएसबी-मोडस्विच हा छोटासा प्रोग्रॅम लिहिला. कुठल्या डोंगलला कोणता इशारा द्यायचा, याची यादी मात्र एकट्यानं होण्यासारखी नव्हती. जगभरच्या लोकांनी आपापल्या डोंगलचे नंबर कळवले आणि ती वाढत गेली. प्रत्येक यूएसबी वस्तूला कंपनीचा आणि मॉडेलचा असे दोन कोड असतात. ह्युवाईचा कोड १२डी१. तेव्हाच्या कित्येक पोरांना तो स्वतःच्या रोल नंबरसारखा पाठ असेल. सीडीएमए कार्ड असेल तर त्यानंतर डायल करायचा नंबर हॅश ७७७. टाटा फोटॉनला युजरनेम 'इंटरनेट', पासवर्डही 'इंटरनेट'. हे सगळं कुणीतरी आधी धडपडून शोधलेलं असायचं आणि पुढच्याला फुकटात सांगितलेलं असायचं.

ती नेटवर्कं आता बंद झाली, डोंगल ड्रॉवरमध्ये पडून आहेत. पण तेव्हा मदत मिळायला दोन गोष्टी लागायच्या. इंग्रजी यायला हवं आणि प्रश्न नीट विचारता यायला हवा. नाहीतर 'आधी मॅन्युअल वाच' असा टोमणा मिळायचा. लिनक्सवाल्यांचा हा तुसडेपणा जगप्रसिद्ध आहे, आणि त्यापायी कितीतरी लोक पहिल्याच प्रश्नानंतर गप्प बसले असतील.

'नेट चालंना गेलंय'

आता तुमचे बाबा कळंबहून फोन करणार ते म्हणतील, 'अरे, ते नेट चालंना गेलंय.' हे वाक्य जगातल्या कुठल्याही एक्स्पर्टसमोर ठेवलं तर तो हतबल होईल. तुमचं काम इथं सुरू होतं. भाषांतराचं म्हणा ना.

पहिला प्रश्न, भिंतीवरच्या डब्यावर लाल दिवा लागलाय का? फायबरच्या डब्यावर 'एलओएस'चा दिवा लाल झाला म्हणजे तारेतून उजेडच येत नाही. कुठेतरी जेसीबीनं रस्ता खणला असेल किंवा वायर दुमडली असेल. लिनक्स निर्दोष, लाइनमनला फोन करा. दुसरा प्रश्न, मोबाइलवर त्याच वायफायवरून यूट्यूब लागतंय का? (मोबाइलचा डेटा बंद करून बघायला सांगा, हे लोक हमखास विसरतात.) ते लागत असेल तर गडबड लॅपटॉपमध्ये. तिसरा, लॅपटॉपच्या कोपऱ्यात वायफायची खूण तरी दिसते का?

खूणच नसेल तर बऱ्याचदा वायफायच्या चिपचा ड्रायव्हर नसतो. काही जुन्या लॅपटॉपमध्ये ब्रॉडकॉमची चिप असते आणि तिचा ड्रायव्हर वेगळा घ्यावा लागतो. आता ड्रायव्हर घ्यायला नेट पाहिजे आणि नेटसाठी ड्रायव्हर! यावरचा जुगाड मस्त आहे. अँड्रॉइड मोबाइल चार्जिंगच्या केबलनं लॅपटॉपला जोडायचा आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग ऑन करायचं. काही इन्स्टॉल न करता नेट सुरू होतं. मग मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमध्ये जाऊन बाकीचं उरकायचं. ही ट्रिक आई-बाबांना समोर बसवून एकदा करून दाखवा, कारण नेटच नसेल तर तुमचं रिमोट ॲक्सेसचं सॉफ्टवेअरही काही कामाचं नाही.

भाचा शिकायला तयार असेल तर त्याला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचा पत्ता द्या. प्राध्यापक कण्णन मौदगल्य यांनी उभा केलेला हा प्रकल्प. दहा-दहा मिनिटांचे धडे, लिनक्सचेही आहेत, मराठीतही आहेत. अर्ध्या स्क्रीनवर धडा लावायचा आणि उरलेल्या अर्ध्यात लगेच करून बघायचं, अशी पद्धत. डाउनलोड करून नेटशिवायही बघता येतात. टोमणे मारणारं कुणी नाही, हा बोनस.

इथं पेंग्विन नको

सगळ्यांनीच लिनक्स घ्यावं असं मी म्हणणार नाही. घरी कुणी टॅलीवर हिशेब ठेवत असेल तर विंडोज राहू द्या. श्रीलिपीत पत्रिका-बॅनर टाइप करत असतील तरी तेच. सेवा केंद्र चालवणाऱ्यानं अंगठ्याचं मशिन आणि डिजिटल सहीचा टोकन लिनक्सवर चालतो का, हे आधी तपासावं.

आणि प्रिंटर! कॅननचा एलबीपी २९०० आठवतो? झेरॉक्सच्या दुकानापासून वकिलाच्या ऑफिसपर्यंत सगळीकडे दिसणारा तो छोटा पांढरा लेझर प्रिंटर. तो कॅननच्या स्वतःच्या 'कॅप्ट' भाषेत बोलतो, त्यामुळे लिनक्सला नुसता जोडला की चालत नाही. हौशी लोकांनी ती भाषा उलगडून ड्रायव्हर लिहिलाय, पण तो बसवायला निवांत रविवार हाताशी ठेवा. एचपीच्या बऱ्याच प्रिंटरांचं मात्र एचपीलिप नावाच्या पॅकेजवर भागतं.

म्हणून इन्स्टॉल करायची घाई नको. मिंट आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, हार्ड डिस्कला हात न लावता. त्या दहा-पंधरा मिनिटांत वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर सगळं तपासा. आणि इन्स्टॉल करण्याआधी लग्नाचे फोटो दुसरीकडे कॉपी करा. प्लीज!

राउटरची वीट

एवढं जमलं की काहींना राउटरवरही हात साफ करावासा वाटतो. गंमत अशी, की घरातल्या बहुतेक राउटरमध्ये लिनक्सच असतं. २००२ च्या शेवटी लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर आला. पुढच्या वर्षी लोकांनी शोधून काढलं, की यात लिनक्स आहे आणि लायसन्सनुसार त्याचा सोर्स कोड द्यायला हवा. कंपनीनं तो दिला आणि त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं. कंपनीनं अपडेट देणं सोडलेल्या कितीतरी राउटरांना त्यानं दुसरा जन्म दिला.

पण फायबर कंपनीनं लावलेल्या डब्याला हात लावू नका, आपला राउटर त्याच्या पुढे जोडा. राउटर उलटा करून लेबलवरचं मॉडेलच नाही, तर व्ही१, व्ही२ असं जे व्हर्जन लिहिलेलं असतं तेही यादीशी ताडून बघा. चार एमबी फ्लॅशचे जुने स्वस्त राउटर आता त्यात बसत नाहीत. चुकीची फाइल टाकली की राउटर 'ब्रिक' होतो, म्हणजे शब्दशः वीट. आणि ही वीट तुम्ही रविवारी रात्री येरमाळा-बार्शीमार्गे पुण्याला निघायच्या तासभर आधी घडवली असेल, तर घरच्यांचं पुढचं महिनाभराचं बोलणं झेलायची तयारी ठेवा.

दादाला चहा पाजा

आता पुन्हा त्या दुकानाकडे. पुढच्या सुट्टीत लॅपटॉप घेऊन रिपेअरिंगवाल्या दादाकडे स्वतः जा. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकायला सांगा. जुन्या मशिनला यानं जेवढा वेग येतो तेवढा दुसऱ्या कशानं येत नाही, आणि त्याचा धंदाही होतो. मग त्याच्याच टेबलावर, त्याच्याच देखत मिंट इन्स्टॉल करा. पेनड्राइव्ह त्याला देऊन टाका. कॉपी करून वाटायला इथं पूर्ण परवानगी आहे. टीपीएम नसलेली मशिनं घेऊन येणारी तुम्ही एकटेच नसणार, हे त्याला तुमच्या आधी कळलेलं असतं. त्यानं इन्स्टॉलेशनचे पैसे घेतले तर घेऊ द्या. सॉफ्टवेअर फुकट आहे, त्याचा वेळ फुकट नाही.

शेवटचं काम पाच मिनिटांचं. एका कागदावर मोठ्या अक्षरात लिनक्सचं नाव आणि व्हर्जन, वायफायचा पासवर्ड, फायबरवाल्याचा कस्टमर आयडी आणि लाइनमनचा नंबर लिहा. कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवा, झाकणावर चिकटवू नका, पासवर्ड आहे त्यात. सगळ्यात वर दुकानवाल्या दादाचा नंबर, तुमचा त्याच्या खाली. बाबांनी दुपारी दोन वाजता फोन केला तर तुम्ही मीटिंगमध्ये असाल, आणि दादा दुकानात असेल.