मलिद्याचे ताट

नवस फेडायचा असो, लग्नाचा आरंभ असो वा नव्या घरात पाऊल टाकायचे असो, बेने इस्रायल या ज्यू समाजाच्या कुटुंबात मलिद्याचे ताट मांडले जाते. पुण्याच्या रास्ता पेठेतील सुक्कथ श्लोमो या १९२१ सालच्या प्रार्थनालयाजवळील एका घरी ते सिद्ध होताना पाहण्याचा योग आला, तेव्हा माझे लक्ष ताटाइतकेच तेथील दोन भाषांच्या वाटणीकडे लागून राहिले.

मलिद्यासाठी पोहे भिजवणे हे जोखमीचे काम. ते मऊ व्हावेत, पण सुटेही राहावेत, एवढ्याच बेताने पाणी दाखवून निथळत ठेवतात. ‘‘चाळणीतच राहू दे गं, नाहीतर लगदा होईल,’’ असे घरच्या मावशींनी भाचीला बजावले. मग पोह्यांत ओले खोबरे, साखर, वेलदोड्याची पूड व सुका मेवा कालवून त्यांची रास रचली. भोवती फळे मांडली आणि वर गुलाब ठेवला. मांसाशी दुधाचा संकर धर्माने निषिद्ध असल्यामुळे या समाजाच्या स्वयंपाकात दुधाची जागा बहुधा नारळ घेतो. आणि अलिबागनजीक नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आपले पूर्वज उतरले असे ही मंडळी परंपरेने सांगतात, त्या अष्टागरात नारळाला काय तोटा!

ताट सिद्ध होताच पुरुषमंडळींनी मस्तके झाकली व हिब्रू पठण सुरू झाले. अलिबागेजवळच्या खंडाळ्यास ज्याच्या आगमनाच्या खुणा खडकावर दाखवतात, त्या एलियाहू प्रेषिताचे स्मरण हा विधीचा गाभा होय. वृक्षाच्या फळाला एक आशीर्वचन, भूमीच्या फळाला दुसरे, सुगंधाला तिसरे. आणि केळ्याची गणना वृक्षात न होता भूमीत होते. ईश्वराशी बोलणे हिब्रूत, पण ‘‘आता केळं घ्या’’ हे मात्र मराठीत.

ही वाटणी जुनी आहे. १८७४ साली पुण्यातच वल्हांडण सणाची हग्गादा ही पोथी हिब्रू मूळ व मराठी भाषांतरासह शिळाछापावर निघाली. १८८० च्या सुमारास बायबलातील चरित्रांवर मराठी कीर्तने होऊ लागली. अर्थ समजल्यावाचून केलेल्या पठणाने या समाजाचे समाधान झाले नाही, हेच त्यावरून दिसते.

१९४८ नंतर समाजाचा मोठा भाग इस्रायलला गेला, आणि वाटणी उलटली. तेथे कचेरी, शाळा व बाजार यांचा कारभार हिब्रूने बळकावला. मराठी कीर्तनात आणि ‘मायबोली’ नियतकालिकात उरली. मलिदा मात्र तिकडेही होतो, आणि आशीर्वचनांची भाषाच आता भाजीवाल्याशी घासाघीस करण्याचीही भाषा झाली आहे.