दोन यमुना

मराठी कादंबरीच्या पहिल्या चाळीस वर्षांत यमुना नावाच्या दोन नायिका भेटतात. पहिली १८५७ सालची, बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'मधली. दुसरी हरि नारायण आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?'मधली. ती १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकातून वाचकांच्या घरी येऊ लागली आणि १८९३ मध्ये पुस्तकरूप झाली. दोघींच्या वाट्याला वैधव्य येतं. दोन्ही लेखक सुधारणेचे कळकळीचे पुरस्कर्ते. तरी दुसरीला आपण घरातल्या मुलीला हाक मारावी तसं 'यमू' म्हणतो, आणि पहिली वाङ्मयेतिहासाच्या पानांतच राहिली.

पदमनजींची यमुना नवरा विनायकराव याच्याबरोबर प्रवासाला निघते. वाटेत विधवांच्या कहाण्या ऐकते, हळहळते, विनायकरावांशी चर्चा करते. पुढे तोच घाला तिच्यावर पडतो. ती ख्रिस्ती होते, पुन्हा लग्न करते. विधवाविवाहाचा कायदा होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. त्या काळात असं लिहायला छाती लागते, आणि त्याबद्दल पदमनजींचं ऋण मानलंच पाहिजे. पण विधवांची स्थिती मांडण्यासाठी लिहिलेल्या या पुस्तकात यमुनेला जवळजवळ सुरुवातीपासून लेखकाइतकंच कळतं. तिला गोंधळायला, चुकायला जागाच उरत नाही.

हरिभाऊ १८९० साली अवघे सव्वीस वर्षांचे होते. आगरकरी विचारांचा संस्कार झालेले. बालविवाह, केशवपन यांवर त्यांची मतं पक्की होती आणि ती यमूच्या तोंडी घालणं सहज शक्य होतं. पण त्यांनी तिलाच 'मी' म्हणून बोलू दिलं आणि तिचं बालपण तिच्याच उंचीवरून पाहिलं. वडिलांचा धाक, आईचं मुकाट सोसणं हे लहान मुलीला जेवढं दिसेल तेवढंच ती सांगते. त्याचा अर्थ तिला लागत नाही, आपल्याला लागतो. मला या कादंबरीची खरी ताकद इथे दिसते: पात्राला जे कळतं आणि वाचकाला जे कळतं यांत अंतर राहतं, आणि त्या अंतरामुळे आपला जीव तिच्यात गुंततो.

दुसरी गोष्ट कारागिरीची. त्या काळातली बाई एवढं आत्मचरित्र लिहील कशी? हरिभाऊंनी याची सोय कथेतच केली आहे. नवरा रघुनाथराव तिला शिकवतो, मुंबईच्या बिऱ्हाडात तिला मोकळा श्वास मिळतो. म्हणून तिची लेखणी पटते. आणि ते सुख आपण पाहिलेलं असतं, म्हणूनच पुढे तिचं बळजबरीनं केलेलं केशवपन वाचवत नाही.

पाल्हाळ आहे, हे खरं. यमूच्या सासरच्या शंकरमामंजींचं निव्वळ दुष्ट पात्र तर मला कधीच पुरतं पटलेलं नाही. यमूला ते असेच दिसणार, असा बचाव करता येईल. पण असा माणूस स्वतःच्या मनाशी स्वतःला सज्जनच समजत असतो. त्याची एखादी खूण यमूच्या नजरेलाही दिसली असती.

पात्राला दिसेल तेवढंच सांगण्याचा लेखकाचा हा संयम पुढे व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) फार उंचीला गेला. धनगरांच्या वस्तीवर आलेला कोवळा मास्तर आधी रिकामी शाळा पाहतो. पोरं मेंढरांमागे गेलेली. गाव त्याला हळूहळू समजतं आणि त्याच्याबरोबरच आपल्यालाही. वस्तीवरच्या गरीब शेकूची बायको बैलाशेजारी औताला जुंपून घेते, तेव्हा माडगूळकर दारिद्र्यावर भाष्य करत बसत नाहीत. ती बाई काय करते एवढंच सांगतात. तिच्या मनातलं त्यांनी लिहिलेलं नाही, तरी ती विसरता येत नाही.

आज कथालेखनाच्या कार्यशाळांत पात्राचं वय, शिक्षण, आवडीनिवडी यांचे तक्ते भरून घेतात. त्यातून माहिती जमते, माणूस उभा राहत नाही. आपल्या पात्राला काय ठाऊक नाही, हे नव्या लेखकानं आधी ठरवावं. आणि त्यासाठी या दोन यमुना लागोपाठ वाचाव्यात: आधी १८५७ची, मग १८९३ची.