पाळणाघरात कॅमेरा : आईबापांनी काय विचारावे?

खुरपणी-कापणीच्या दिवसांत लेकरू पाळणाघरात ठेवून आई रानात जाते. तिथे भिंतीवर कॅमेरा दिसला, की तिचा जीव भांड्यात पडतो. कॅमेरा चांगलाच; पण त्यालाही कायद्याचे कुंपण आहे.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई प्रमाणे कुणाच्या खासगी अंगाचे चित्र संमतीवाचून मुद्दाम टिपले किंवा पसरवले, तर तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून लंगोट बदलण्याची, न्हाणीची आणि बाळाला पाजण्याची जागा कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर हवी.

मुलाचे नाव घालताना तीन गोष्टी विचारा. कॅमेरे कुठे कुठे आहेत? चित्रण कोण पाहते? ते किती दिवसांनी पुसले जाते? उत्तरे लेखी मागा. दुसऱ्यांच्या मुलांची चित्रे मोबाइलवरून गावभर पाठवू नका.

काही वावगे घडल्याची शंका आली, तर चित्रण पुसू नये असे पाळणाघराला त्याच दिवशी लेखी कळवा. मुलांसाठीच्या १०९८ या मोफत क्रमांकावर फोन करा. पुरावा एकदा पुसला गेला, की मग हळहळून उपयोग नाही.