आवाज बारीक नाही, लांब आहे

मैत्रिणीच्या मुलाने आजीच्या जात्यावरच्या ओव्या घरातल्या छोट्या स्टुडिओत रेकॉर्ड केल्या आणि मला पाठवल्या. फोन कानाला लावूनही शब्द कळेनात. आवाज वाढवला तर पंखा वाढला, फ्रीज वाढला. ओवी मात्र चार घरं पलीकडे कुणीतरी म्हणत असल्यासारखी. एकूण 17 ओव्या, आणि एकही धड ऐकू येत नव्हती. ते मनातून जाईना. साउंडवाले दादा येणार आहेत असं कळल्यावर मीही कोथरूडला गेले.

दादा साताऱ्याकडचे. पूर्वी मांडवात स्पीकर लावायचे. मला वाटलं, आल्या आल्या कॉम्प्युटरपुढे बसतील. त्यांनी आधी हेडफोन लावला, जुनी फाईल डोळे मिटून ऐकली आणि म्हणाले, "आवाज बारीक नाही, लांब आहे." नुसता गेन कमी असता तर आवाज लहान पण स्वच्छ आला असता. इथे ओवीपेक्षा खोलीच जास्त ऐकू येत होती.

केबल बदलून पाहिली, माइकला 48 व्होल्ट मिळतायत याची खात्री केली, 10 डेसिबल कापणारं बटण बंदच होतं. मग माइकपासून वीतभर अंतरावर त्यांनी दोन बोटं एकमेकांवर चोळली. आजी बसत त्या बाजूला मीटर जेमतेम हलला. हात भिंतीकडे नेला, तसा तो उसळला.

माइक आजींकडे पाठ करून उभा होता.

हा कंडेन्सर माइक टोकाने नाही, बाजूने ऐकतो, आणि तोही एकाच बाजूने. कंपनीचं चिन्ह असतं ती बहुधा त्याची तोंडाची बाजू. नातवाचा चेहरा उतरला. दादा त्याला एवढंच म्हणाले, "बऱ्याच घरांत असंच सापडतं."

माइक फिरवला, पण काम संपलं नव्हतं. समोर जातं नसतानाही आजी गाताना घुमत होत्या; उजवा हात मांडीवर गोल फिरत होता. माइक एका वितीवर होता. त्या मागे गेल्या की अंतर दोन विती होई, आणि अंतर दुप्पट झालं की पातळी साधारण 6 डेसिबलने पडते. नातू म्हणाला, "आजी, हलू नकोस ना." दादांनी त्याला थांबवलं. "त्यांना हलू द्या. आपण माइक हलवू." त्यांनी माइकच दोन वितींवर नेला, म्हणजे तेवढ्याच घुमण्याने पडणारा फरक कमी झाला. पंखा बंद केला, फ्रीजचा प्लग काढला आणि गेन थोडा वाढवला. "सरासरी उणे 18," ते म्हणाले. नातवाला ते कमी वाटलं. त्याला मीटर शून्याजवळ हवा होता. "शून्यापुढे आवाज फाटतो, तो नंतर शिवता येत नाही. तुम्ही 24 बिटवर घेताय, उणे 18 भरपूर झालं."

हे काम कॉम्प्युटरचं आहे असं आपण धरून चालतो. मला तरी ते त्या दुपारी तोंड आणि जाळी यांच्यामधल्या दोन वितींचंच दिसलं. पुढे वाढवून मिळतं ते जे आधीच आत आलंय तेच, पंख्यासकट.

आजींनी पुन्हा सुरुवात केली. मीटर उणे 18च्या आसपास खालीवर होत राहिला, आणि हेडफोनमध्ये पहिल्यांदा त्यांचा श्वास ऐकू आला, ओळ संपताना सुटणारा. मैत्रीण पदराने डोळे पुसत होती.

त्या दिवशी आजींना 14 ओव्या आठवल्या. उरलेल्या 3 काही केल्या ओठांवर येईनात. नातू जुनी फाईल पुसायला निघाला, तेव्हा दादांनी त्याचा हात धरला. ती फाईल अजून जपून ठेवली आहे. त्या 3 ओव्या फक्त तिथेच आहेत.