वेगवान मोटारींच्या टायरांचे आयुर्मान : नगर जिल्ह्याच्या संदर्भात काही विचार

टायरचे आयुष्य किलोमीटरांत सांगण्याची रूढी सर्वत्र आहे. मालमोटारीच्या बाबतीत ती बहुतांशी चालून जाते. कारण तिचा टायर झिजला तरी त्यावर नवे रबर चढवून, म्हणजे महामार्गावरील बोलीत तो ‘रिमोल्ड’ करून, तोच सांगाडा पुन्हा रस्त्यावर आणता येतो. स्पोर्ट्स कारच्या टायरांस हा हिशेब लागू पडत नाही. त्यांची बांधणी ताशी २४०, २७० किंवा ३०० किलोमीटर वेग सहन करण्यासाठी केलेली असते, रबर मऊ असते, आणि टायर केव्हा बदलावा या प्रश्नाचे उत्तर केवळ अंतरमापकावर सापडत नाही.

अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) हे स्थान मोटारविद्येस अपरिचित नाही. संरक्षण मंत्रालयाची वाहन संशोधन व विकास आस्थापना येथेच असून, केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ ज्या संस्थांस वाहनचाचणीचा अधिकार देतो त्यांत तिची गणना होते. तथापि प्रस्तुत विषयास या जिल्ह्याचे हवामान अधिक उद्बोधक आहे. नगर शहर व त्याभोवतालचे तालुके पर्जन्यछायेत येतात. तेथील वार्षिक पाऊस पाचशे ते सहाशे मिलिमीटरांच्या आसपास असतो आणि तोही मुख्यतः जून ते सप्टेंबर या महिन्यांत पडतो. त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकास, अकोले तालुक्यातील घाटघर-भंडारदरा परिसरात, तो कित्येक हजार मिलिमीटर पडतो. नगरहून संगमनेर, अकोले, राजूर या मार्गाने निघालेली मोटार काही तासांतच एका हवामानातून दुसऱ्यात शिरते. टायर मात्र तेच असतात.

प्रथम झिजेचा विचार करू. रबराची पकड दोन गोष्टींवर अवलंबून असते : रस्त्याच्या पृष्ठभागाला चिकटणे, आणि खडीच्या उंचसखलपणावर दबताना व सुटताना रबराने आपल्या अंगात ऊर्जा जिरविणे. पकड आणि रबराचा हा गुणधर्म यांचा संबंध ग्रॉश याने १९६३ साली प्रयोगांनी दाखवून दिला. मऊ रबर अधिक पकड देते, पण सामान्यतः लवकर झिजते. अमेरिकेतील प्रतवारीत तुलनेसाठी १०० हा अंक धरलेला असतो. प्रवासी टायरांवर ५०० वा त्याहून मोठा अंक आढळतो, तर स्पोर्ट्स कारच्या टायरांवर बहुधा २०० ते ३०० च्या दरम्यानचा. हे अंक टेक्सासमधील रस्त्यांवर ७,२०० मैल चालविलेल्या चाचणीवर आधारलेले असले तरी अखेर टायरवर कोणता अंक छापावयाचा ते उत्पादकच ठरवितो. म्हणून त्यांवर फार भिस्त ठेवू नये.

वळणावर टायर किंचित तिरका सरकत असतो, आणि खरी झीज तेथेच होते. शालामाख व टर्नर यांनी १९६० साली असे दाखविले की, ही झीज बाजूच्या बलाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. बल दुप्पट झाले की झीज चौपट. करंजी घाटातील किंवा इमामपूर घाटातील काही वळणे उत्साहाच्या भरात घेणारा चालक सरळ महामार्गावरील पुष्कळ किलोमीटरांची किंमत तेथेच मोजतो. चाकांची दिशा बिघडली असेल तर सरळ रस्त्यावरही हीच गत होते. चाक आपल्या मार्गाशी एक षष्ठांश अंश तिरके असेल तर ते प्रत्येक किलोमीटरमागे जवळजवळ तीन मीटर आडवे घासत जाते. अशा मोटारींची चाके मुळातच वरच्या बाजूस किंचित आत कललेली असतात. त्यामुळे झीज आतील कडेवर एकवटते. बाहेरून पाहणाऱ्यास नक्षी भरघोस दिसते आणि आत मात्र टायर गुळगुळीत झालेला असतो. बुटक्या मोटारीत मागील चाकांची ही आतील कड मोटार उचलल्याखेरीज नीट दिसतही नाही.

आता पाण्याचा प्रश्न, आणि तोच येथे निर्णायक आहे. नव्या टायरच्या खाचा सुमारे ८ मिलिमीटर खोल असतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ अन्वये मोटारीच्या बाबतीत ही खोली १.६ मिलिमीटरहून कमी असता कामा नये. खाचांच्या तळाशी असलेले रबराचे उंचवटे हीच मर्यादा दर्शवितात. कोरड्या रस्त्यावर खाचा उथळ झाल्याने काही बिघडत नाही. उलट नक्षीचे ठोकळे बुटके झाल्यामुळे कमी लवतात आणि मोटार अधिक नेटकी वळते. नगरसारख्या प्रदेशात वर्षातील बहुतेक दिवस कोरडे जातात, म्हणून चालकाच्या हाताला टायर सुधारतच चालल्याचा भास होतो. हा भास पहिल्या पावसात फिटतो.

२४५ मिलिमीटर रुंदीचा टायर ताशी ९० किलोमीटर वेगाने २ मिलिमीटर पाण्यातून जात असता त्याला सेकंदास सुमारे बारा लिटर पाणी दूर सारावे लागते. टायर जितका रुंद तितके पाणी अधिक आणि त्याला कडेपर्यंत जाण्याची वाटही लांब. खाचा उथळ असतील तर पाण्यास वाव उरत नाही, ते टायरखाली साचते आणि मोटार त्यावर तरंगू लागते. मग सुकाणू फिरविण्याचा किंवा ब्रेक लावण्याचा उपयोग होत नाही. खाचांत मावेनासे पाणी रस्त्यावर असता हा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असतो, असा नियम हॉर्न व ड्रेहर यांनी विमानाच्या टायरांवरून १९६३ साली मांडला. त्यानुसार ३३ पौंड दाबास तो ताशी सुमारे ९५ किलोमीटर येतो. मोटारीच्या बाबतीत हा आकडा ढोबळच समजावयाचा. परंतु पुणे मार्गावर हा वेग कोणी विशेष मानीत नाही, हे लक्षात घेतले पाहिजे.

यास्तव १.६ मिलिमीटर ही कायद्याची अखेरची रेषा आहे, सुरक्षिततेची नव्हे. जर्मनीतील आडाक ही मोटारचालकांची संस्था उन्हाळी टायरांसाठी ३ मिलिमीटरची मर्यादा सुचविते. समजा, ८ पासून १.६ मिलिमीटरपर्यंत झिजण्यास एखाद्या टायरला २५,००० किलोमीटर लागतात. तर ३ मिलिमीटरला तो काढल्यास सुमारे साडेपाच हजार किलोमीटर सोडून द्यावे लागतात. टायरची किंमत पाहता हा त्याग लहान नाही. पण नगरच्या चालकास तो वर्षभर करण्याचे कारण नाही. ३ मिलिमीटरला पोहोचलेला टायर नोव्हेंबरमध्ये असेल तर एरवी सुस्थितीत असल्यास तो काही महिने जपून वापरता येईल. अवकाळी पावसात वेग कमी ठेवला म्हणजे झाले. तोच टायर मेच्या मध्यास असेल तर बदललेला बरा. मोजणी आतील कड, मध्य व बाहेरील कड अशा तिन्ही ठिकाणी करावी आणि निर्णय सर्वांत उथळ आकड्यावर घ्यावा.

जोडीचा नियमही पाळावा लागतो. अनेक स्पोर्ट्स कारमध्ये मागील टायर पुढील टायरांहून रुंद असल्याने त्यांची अदलाबदल होत नाही, आणि मागील जोडी बहुधा आधी संपते. चारही चाकांस शक्ती पुरविणाऱ्या मोटारीत नव्या व जुन्या टायरच्या खोलीत ५ मिलिमीटरचा फरक पडला, तर ६८० मिलिमीटर व्यासाच्या चाकाच्या परिघात जवळजवळ दीड टक्का तफावत येते आणि तिचा ताण यंत्रणेवर पडत राहतो. अशा वेळी चारही टायर बदलणे अंती स्वस्त पडते.

महिन्यातून दोन-चारदाच बाहेर निघणाऱ्या मोटारीचे दुखणे निराळे. रबरातील मेण टायर फिरताना, लवताना पृष्ठभागावर येऊन हवेतील ओझोनपासून त्याचे रक्षण करते. उभ्या मोटारीत ही क्रिया मंदावते, बाजूस बारीक भेगा पडतात आणि रबर कडक होते. नक्षी भरपूर असूनही असा टायर ओल्या रस्त्यावर दगा देतो. बाजूवरील चार अंकी खुणेतून त्याचे वय कळते : ‘३५२३’ म्हणजे २०२३ सालचा ३५वा आठवडा. मोठ्या मापाचे टायर स्थानिक दुकानात तयार नसल्यास मागवावे लागतात. ते मेच्या आरंभीच मागवावेत, आणि आलेल्या टायरवर हे अंक वाचल्याखेरीज ते चाकावर चढवू देऊ नयेत.